बोंडअळीचें अंडें आणि जुन्या कॅमेऱ्याच्या फायली

गेल्या खरिपांत शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाची तयारी चालू असतां नववीच्या कांहीं मुलांनीं मजपुढें एक अडचण मांडली. कपाशीवरील गुलाबी बोंडअळीचा जीवनक्रम चित्रांनीं दाखवावा असें त्यांनीं योजिलें होतें. पतंगाचें चित्र मिळालें, अळीचें मिळालें, कोषाचेंहि मिळालें. किडकें बोंड तर ज्याच्या त्याच्या शेतांतून आणतां येण्याजोगें होतें. अडलें तें अंड्यापाशीं. "सर, अंडें आमच्या घरीं कोणीं पाहिलेंच नाहीं," असें त्यांतला एक मुलगा म्हणाला. आणि त्याच्या घरीं तीन पिढ्या कपाशी पिकत आली आहे.

मुलाचें बोलणें खोटें नव्हतें. गुलाबी बोंडअळीचें अंडें लांबीला सुमारें अर्धा मिलिमीटर भरतें. मादी पतंग तें रात्रीं घालते, आणि तेंहि उघड्यावर नव्हे, तर बहुधा कोवळ्या बोंडाच्या बुडाशीं, बोंडाला बिलगलेल्या हिरव्या पाकळ्यांच्या आड. आरंभीं तें पांढरें असतें. फुटण्याच्या सुमारास त्यावर तांबूस छटा येते. चार-पांच दिवसांत अळी बाहेर पडते व थोड्याच वेळांत बोंडांत शिरते. शिरण्याचें छिद्र बोंड वाढतांना बुजून जातें. म्हणजे शेतकरी पाहतो तेव्हां बोंड हिरवेंगार, टणक, निर्दोष. आणि वेचणीच्या वेळीं उघडून पाहावें तों आंत पिवळी पडलेली कवडी. २०१७ सालच्या खरिपांत ह्या अळीनें मराठवाड्यांत व विदर्भांत जो अनर्थ केला, तो तुमच्यापैकीं पुष्कळांच्या घरीं अद्यापि बोलण्यांत येतो. एकदां अळी आंत गेली कीं फवारा तिच्यापर्यंत पोंचत नाहीं. जें कांहीं करावयाचें तें पतंग, अंडें आणि नुकतीच जन्मलेली अळी, एवढ्या अवधींत.

आतां योगायोग असा कीं त्या अंड्याचीं छायाचित्रें माझ्यापाशीं होतीं. होतीं म्हणजे एका सीडीवर होतीं; दिसत मात्र नव्हतीं. ती हकीकत येथें सांगावयाची आहे, कारण तिच्यांत प्रकाशशास्त्राचा एक धडा आहे, आणि ज्यांच्या घरीं दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या कॅमेऱ्याचीं चित्रें कपाटांत पडलीं आहेत अशा पालकांच्याहि ती उपयोगी पडेल.

२०१० सालीं मीं एक वापरलेला कॅमेरा विकत घेतला. कॅनन ३००डी हा त्याचा नमुना. तो २००३ सालीं बाजारांत आलेला. त्यावर चित्राचे कण ६३ लाख. आजच्या साध्या फोनांतहि याहून अधिक असतात, परंतु त्या वेळीं मला तो ऐश्वर्याचा वाटला. माझे वडील तेव्हां अंबड तालुक्यांत कपाशी करीत. बीटी कपाशीला आपल्या देशांत २००२ सालीं परवानगी मिळाली, आणि तें बियाणें पुढें आणणारी महिको कंपनी आपल्या जालन्याचीच, बद्रीनारायण बारवाले यांनीं १९६४ सालीं स्थापिलेली. त्या काळीं ४५० ग्रॅम बीटी बियाण्याच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅम साध्या बियाण्याची एक लहान पुडी येत असे. ती शेताच्या कडेनें पेरावी, म्हणजे तेथें वाढलेले साधे पतंग आंतल्या पतंगांशीं जुळतील आणि अळीच्या अंगीं बीटीला न जुमानण्याचा गुण लवकर रुजणार नाहीं, असा त्यांतील हेतु. बहुतेकांच्या घरीं ती पुडी गोठ्याच्या कोनाड्यांत पडे. वडील मात्र ती नेमानें पेरीत. "दिली आहे ती कांहीं कारणानेंच दिली असेल," एवढेंच त्यांचें म्हणणें. त्यामुळें दिवाळीच्या सुमारास आमच्या कडेच्या ओळींत बोंडअळी हटकून सांपडे. गुजराथेंतील चार जिल्ह्यांत ही अळी पहिल्या प्रकारच्या बीटी कपाशीला जुमानीत नाहीं असें त्याच २०१० सालीं जाहीर झालें होतें. आम्हांला तें फार उशिरां कळलें.

अंडें असलेलें एक बोंड मीं देठासकट शाळेंत आणलें. अर्ध्या मिलिमीटरची वस्तु मोठी दाखवावयाची तर भिंग कॅमेऱ्यापासून दूर न्यावें लागतें; त्यासाठीं भिंग व कॅमेरा यांच्यामध्यें पोकळ नळ्या बसविल्या, तेव्हां वस्तूची प्रतिमा वस्तूएवढीच होऊन आंतल्या संवेदकावर पडूं लागली. परंतु येथें प्रकाशाचा एक नियम आडवा येतो. प्रतिमा जसजशी मोठी करावी, तसतसा रेखीव दिसणारा थर पातळ होत जातो. दूरच्या देवळाचें चित्र घेतांना कळसहि स्पष्ट येतो आणि पुढचें झाडहि येतें. पण वस्तु व प्रतिमा सारखीच असतां, भिंगाचें छिद्र आठ या अंकावर ठेवूनहि, मला सुमारें ०.६ मिलिमीटर जाडीचाच थर रेखीव मिळे. त्याच्या अलीकडचें धूसर, पलीकडचें धूसर. आणि बोंडाचा गोलवा तर दहा मिलिमीटर खोल! अंडें स्पष्ट करावें तर तें कशावर आहे तें कळेना; बोंड स्पष्ट करावें तर अंडें नाहींसें होई.

कोणी म्हणेल, छिद्र आणखी लहान करावें. करून पाहिलें. परंतु प्रकाश अरुंद छिद्रांतून जातांना पसरतो. आठ या अंकावर एका बिंदूचा ठिपका संवेदकावर सुमारें ०.०२ मिलिमीटर पडतो. तेंच छिद्र बत्तिसावर नेलें तर तो सुमारें ०.०९ होतो. मग चित्रांत कोठेंच फार धूसर नाहीं आणि कोठेंच रेखीवहि नाहीं. सगळेंच पावसाळी कांचेंतून पाहिल्यासारखें मऊ पडतें.

यावर उपाय काय, तो समजण्यासाठीं आपल्याकडील जुनी बारव डोळ्यांपुढें आणा. उन्हाळ्यांत बारवेचें पाणी रोज थोडें थोडें उतरतें. समजा, ज्या दिवशीं जी पायरी पाण्याच्या कांठाला असेल तेवढीच तुम्हीं त्या दिवशीं रेखाटिली, दुसरी कोणतीहि नाहीं. पाणी तळाला जाईपर्यंत तुमच्या वहींत सबंध बारव उतरलेली असेल, जरी कोणत्याहि एका दिवशीं ती सबंध काढली नव्हती. फोकस स्टॅकिंग म्हणतात तें हेंच. एकाच वस्तूचीं पुष्कळ चित्रें घ्यावयाचीं, प्रत्येक वेळीं रेखीव थर किंचित् मागें सरकवावयाचा, आणि मग प्रत्येक चित्रांतील रेखीव भाग तेवढा उचलून एक चित्र जुळवावयाचें. २०१२ सालीं मंगळावर उतरलेल्या क्युरिऑसिटी गाडीचा भिंगकॅमेरा तेथील खड्यांचीं चित्रें ह्याच रीतीनें स्वतः जुळवूं शकतो.

थर सरकविण्याचें यंत्र विकत मिळतें, पण तेवढे पैसे नव्हते. आमच्या पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेंत एक जुना ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोप आहे. कांचेचा वक्रीभवनांक काढतांना अकरावीच्या मुलांनीं असा पाहिला असेल. त्याची व्हर्निअर पट्टी ०.०१ मिलिमीटरपर्यंत मोजते. मीं त्याची नळी काढून ठेविली, गाड्यावर तारेनें बोंड बांधिलें, कॅमेरा समोर पक्का बसविला, आणि प्रत्येक चित्रानंतर बोंड ०.४ मिलिमीटर पुढें आणिलें. ०.६ चा थर आणि ०.४ ची पायरी, म्हणजे प्रत्येक चित्र पुढच्यावर थोडें चढतें. हें चढणें राखलेंच पाहिजे. अशीं २६ चित्रें झालीं. पंखा बंद केला होता व शेजारच्या वर्गास चालण्याची मनाई केली होती. शेजारचे शिक्षक मजवर अजून त्याबद्दल थोडे रागावलेले असतात.

तीं चित्रें जुळविण्याचें साधन त्या वेळीं माझ्यापाशीं नव्हतें. शाळेंतल्या संगणकाला तें काम झेपण्यासारखें नव्हतें. पुढें करूं म्हणून सर्व फायली एका सीडीवर उतरविल्या, सीडीवर पेन्सिलीनें "अंडें" असें लिहिलें, आणि ती कपाटांत ठेविली. २०१४ सालीं वडील वारले, शेत भावानें पाहिलें, कॅमेरा बिघडला. सीडीची आठवण मला त्या नववींतल्या मुलानेंच करून दिली.

नव्या संगणकावर सीडी लावली तों फायली दिसल्या, पण त्यांतलें एकहि चित्र उघडेना. हा फाईलीचा प्रकार आपणांस ओळखतां येत नाहीं, असें संगणकानें सांगितलें. जुळविण्याचें जें सॉफ्टवेअर मीं आणविलें होतें, त्यानेंहि तेंच उत्तर दिलें. फायली खराब झाल्या असें मीं मनाशीं ठरविलें. आणि हीच माझी पहिली चूक.

हा प्रकार काय आहे तें थोडें विस्तारानें सांगतों. कॅमेऱ्याच्या संवेदकावरील प्रत्येक कण एकच रंग मोजतो. निम्मे कण हिरवा मोजतात, पाव तांबडा, पाव निळा. ही मांडणी कोडॅक कंपनींतील ब्राइस बेयर या संशोधकाची; तिचें पेटंट १९७६ सालचें. प्रत्येक कणाचा आंकडा, आजूबाजूच्या कणांचे आंकडे पाहून उरलेले दोन रंग भरणें, उजेडाप्रमाणें रंग सुधारणें, हें सर्व झालें म्हणजे चित्र तयार होतें. जेपेग फाईलींत हा सगळा स्वयंपाक कॅमेऱ्यानेंच उरकलेला असतो. रॉ फाईल म्हणजे नुसता शिधा. त्यांत पीठ-मीठ सर्व आहे, पण भाकरी नाहीं. माझ्या कॅमेऱ्याच्या शिध्यांत प्रत्येक कणाच्या उजेडाच्या ४०९६ पायऱ्या होत्या. जेपेगमध्यें त्या २५६ उरतात. म्हणून शास्त्रीय कामासाठीं शिधा ठेवणें चांगलें.

अडचण अशी कीं हा शिधा बांधण्याची रीत प्रत्येक कंपनीची निराळी, आणि एकाच कंपनीचीहि काळाप्रमाणें बदलणारी. कॅननच्या आरंभींच्या कॅमेऱ्यांच्या अशा फायलींच्या नांवाशेवटीं सीआरडब्ल्यू हीं अक्षरें येत; २००४ पासून सीआर-दोन आलीं; २०१८ पासून सीआर-तीन. कोनिका मिनोल्टा कंपनीनें तर २००६ सालीं कॅमेऱ्यांचा धंदाच सोडला. तिच्या फायली मागें राहिल्या. जुन्या मोडी दफ्तराची जी स्थिति, तीच ही. पुण्याच्या पेशवे दफ्तरांतील रुमाल सोडले तर शाई जेथल्या तेथें आहे; अक्षर पुसलें नाहीं, वाचणारा कमी झाला. कागद वाळवीनें खाल्ला असणें वेगळें, आणि कागद धड असून आपणांस मोडी न येणें वेगळें. मीं ह्या दोहोंत गल्लत केली होती.

मग साह्य मागण्याचें ठरविलें. आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी पुण्यास संगणकाचें काम करतो. त्याला मीं लिहिलें: "माझीं जुनीं चित्रें उघडत नाहींत, काय करावें?" त्याचें उत्तर नम्र होतें, पण त्यांत मलाच पांच प्रश्न होते. कॅमेऱ्याचा नमुना कोणता? फाईलीच्या नांवाचीं शेवटचीं अक्षरें कोणतीं आणि तिचा आकार किती? कोणतें सॉफ्टवेअर, त्याची आवृत्ति कोणती? संगणकानें नेमके कोणते शब्द दाखविले? आणि एक फाईल जशीच्या तशी पाठवितां येईल काय? ते प्रश्न वाचून मला हंसूं आलें. पोट दुखतें एवढेंच सांगून औषध मागणाऱ्या मुलाला आपणहि कोठें दुखतें, केव्हांपासून, काय खाल्लें होतें, असेंच विचारतों.

उत्तरें देतांना माझीं चुकांचीं पदरें एकेक उलगडलीं. पहिल्यानें मीं जी फाईल पाठविली तिच्या शेवटीं टीएचएम हीं अक्षरें होतीं. ह्या कॅमेऱ्यांत प्रत्येक रॉ फाईलीसोबत एक चिमुकलें नमुनाचित्र साठविलें जातें, तेंच मीं मूळ समजून पाठविलें. त्यानें कळविलें, "सर, हें टपालाच्या तिकिटाएवढें आहे." दुसऱ्या वेळीं फाईल फोनवरून चित्र म्हणून पाठविली, निरोपाच्या सोयीनें तिचें जेपेग होऊन ती आक्रसून पोंचली. अशी फाईल चित्र म्हणून न पाठवितां दस्तऐवज म्हणून, शक्य तर गठ्ठा बांधून पाठवावी लागते. तिसऱ्यानें कळलें कीं पांच-सहा फायलींच्या नांवांचीं शेवटचीं अक्षरें मींच केव्हां तरी बदलून जेपेग अशीं केलीं होतीं, म्हणजे त्या उघडतील या भाबड्या आशेनें. पोत्यावर गहूं लिहिल्यानें आंतली ज्वारी गहूं होत नाहीं. मूळ अक्षरें पुनः लिहितांच त्या पूर्ववत् झाल्या.

चौथ्या वेळीं योग्य फाईल गेली आणि अर्ध्या तासांत चित्र परत आलें. अंडें, बोंडाची साल, तिच्यावरचे काळे ठिपके, सर्व होतें. तेरा-चौदा वर्षें तें तेथेंच होतें.

ही मोडी वाचणारे लोक कोण? डेव्ह कॉफिन नांवाच्या अमेरिकेंतील एका गृहस्थानें १९९७ सालापासून डीसीरॉ नांवाची संज्ञावली एकट्यानें लिहिण्यास आरंभ केला, आणि शेंकडों कॅमेऱ्यांच्या फायली वाचण्याची रीत तींत नोंदवून ती सर्वांस मोफत खुली ठेविली. लिबरॉ ही मंडळी तिच्याच पायावर २००८ पासून काम करीत आहे. रॉथेरपी, डार्कटेबल हीं सॉफ्टवेअरें मोफत मिळतात आणि पुष्कळशा जुन्या कॅमेऱ्यांना ओळखतात. अडोबी कंपनीनें २००४ सालीं डीएनजी नांवाची उघडी रीत काढली. जुन्या फायली तींत उतरवून देणारें तिचें साधनहि फुकट आहे. मूळ फाईल मात्र उतरविल्यानंतरहि टाकूं नये. मोडी कागदाचें बाळबोध लिप्यंतर झालें म्हणून कोणी कागद जाळीत नाहीं.

माझ्या माजी विद्यार्थ्याची खरी शिकवण पुढची होती. जुळविण्याचें सॉफ्टवेअर जुन्या रॉ फायली वाचीत नसेल तर त्याच्याशीं हुज्जत घालीत बसूं नये. दोन कामें वेगळीं करावीं. आधीं रॉथेरपीमध्यें सर्व फायली एकाच मापानें शिजवाव्या: उजेड तोच, रंगाचा तोल तोच, धार लावणें बंद. त्या टिफ नांवाच्या प्रकारांत, सोळा बिटांच्या, बाहेर काढाव्या. मग त्या टिफ फायली जुळविणाऱ्याच्या हवालीं कराव्या. ह्यांत जागा फार लागते. माझी मूळ रॉ फाईल सहा-सात मेगाबाइटची, तिची टिफ सुमारें ३८ मेगाबाइटची झाली. म्हणजे सर्व मिळून जवळ जवळ एक गीगाबाइट. शाळेच्या संगणकानें चित्रें जुळवितांना चहा पिऊन होईल इतका वेळ घेतला, पण काम केलें.

जुळविणारीं सॉफ्टवेअरें अनेक आहेत. युक्रेन देशांतील खारकीव शहरचें हेलिकॉन फोकस आणि अमेरिकेंतील रिक लिटलफील्ड यांचें झीरीन स्टॅकर हीं नांवाजलेलीं, पण विकत घ्यावीं लागतात. इंग्लंडांतील ॲलन हॅडली यांचें कम्बाइनझेड मोफत असे. एनफ्यूज मोफत आहे. सर्वांचें काम मुळांत दोन टप्प्यांत चालतें. वस्तु जवळ येतांना तिचा आकार किंचित् बदलतो, म्हणून आधीं सर्व चित्रें लहान-मोठीं करून एकमेकांवर नीट बसवितात. नंतर प्रत्येक ठिकाणीं कोणत्या चित्रांत बारकावा अधिक आहे तें तपासतात. येथें दोन संप्रदाय आहेत. एक संप्रदाय प्रत्येक ठिकाणासाठीं एकच चित्र निवडतो. रंग शुद्ध राहतो, सपाट साल सुरेख येते, पण एका केसामागें दुसरा केस असला कीं गोंधळतो. दुसरा संप्रदाय प्रत्येक चित्र जाड व बारीक रेघांच्या थरांत फोडतो आणि सर्वांत ठसठशीत रेघ उचलतो. केस सुटे येतात, परंतु चित्रांतला कचकचीतपणा वाढतो आणि रंग थोडे भडक होतात. माझ्या बोंडाची साल गुळगुळीत आणि हिरव्या पाकळ्या केसाळ. तेव्हां सालीसाठीं पहिली रीत आणि पाकळ्यांसाठीं दुसरी वापरून, दोन्हीं चित्रें हातानें सांधलीं.

एक दोष मात्र राहिला. चौदावी फाईल दोनच मेगाबाइटची निघाली. सीडीवर तेथें ओरखडा होता. पेन्सिलीचें टोंक मींच लाविलें असेल. ही मात्र खरी वाळवी; तिला वाचक मिळून उपयोग नाहीं. ती वगळून २५ चित्रें जुळविलीं, तेव्हां तेराव्या व पंधराव्या चित्रांत ०.८ मिलिमीटरचें अंतर पडलें, आणि ०.६ चा थर तें भरून काढीना. बोंडाच्या पोटावर एक धूसर रेषा राहिली. मुलांचें म्हणणें पडलें कीं ती शेजारच्या सालीच्या नमुन्यानें झांकून टाकावी. संगणकावर तें पांच मिनिटांचें काम आहे. मीं झांकूं दिली नाहीं. सालीवरील ते काळे ठिपके म्हणजे गॉसिपॉल नांवाच्या विषारी द्रव्याच्या ग्रंथी आहेत. त्या किती व कोठें आहेत हें चित्र पाहणारा मोजूं शकतो, आणि आपण रंगविलेल्या ठिपक्यांना तो खरे समजेल. चित्राखालीं "२५ चित्रांपासून जुळविलेलें, एक चित्र नष्ट" असें मुलांनींच सुरेख अक्षरांत लिहिलें.

प्रदर्शनांत त्या चित्रापुढें एक म्हातारे शेतकरी बराच वेळ उभे होते. त्यांनीं विचारलें, "हें केवढें असतंय खरं?" एका मुलानें कागदावर टांचणीनें टोंचून दाखविलें. दुसऱ्या आठवड्यांत भोकरदनकडचा एक मुलगा दहापट भिंग घेऊन शेतांत गेला व बोंडाच्या पाकळ्या उलटून अंडीं शोधून आला. त्यांतलें एक काळें पडलें होतें. तें पाहून मला त्याहून आनंद झाला, कारण ट्रायकोग्रामा नांवाची चिमणी गांधीलमाशी अशा अंड्यांत आपलें अंडें घालते आणि मग तें काळें पडतें. ट्रायकोकार्ड म्हणून जें शेतकऱ्यांस मिळतें त्यावर तींच असतात. फवारणी केव्हां करावी हें मात्र अंडीं मोजून नव्हे, तर कामगंध सापळ्यांवरून ठरवितात: एका सापळ्यांत सलग तीन रात्रीं आठ आठ पतंग आले कीं वेळ झाली. खरपुडीच्या कृषि विज्ञान केंद्रांत व बदनापूरच्या संशोधन केंद्रांत याविषयीं पालकांनीं जरूर विचारावें, आणि विचारतांना वाण कोणता, पेरणीची तारीख कोणती, सापळ्यांत पतंग किती, हें लिहून न्यावें.

त्या सीडीवर आणखी नऊ फायली होत्या. त्या मीं विसरलोंच होतों. बोंड तोडण्यापूर्वीं शेतांतच घेतलेलीं तीं चित्रें. वडिलांनीं बोंड हातांत धरिलें आहे, मी कॅमेरा घेऊन हळूहळू पुढें झुकतों आहें. ह्या नऊ चित्रांतहि थर पुढून मागें गेलेला आहे: आधीं पाकळी, मग अंडें, मग मागें वडिलांचा अंगठा, नखाच्या कडेला कपाशीचा काळा चीक. हीं जुळविलीं तर अंडें आणि अंगठा दोन्हीं एकाच चित्रांत रेखीव येतील, म्हणून मीं तीन संध्याकाळी खर्चिल्या. पुण्याच्या विद्यार्थ्याकडेहि पाठविलीं. ह्या खेपेस पांचहि प्रश्नांचीं उत्तरें सोबत लिहून. त्यानें दोन्हीं रीती लावून पाहिल्या. परंतु तेथें व्हर्निअर नव्हतें. वारा होता, वडिलांचा हात किंचित् हलत होता, माझाहि; बोंड प्रत्येक चित्रांत थोडें वळलेलें आहे. नुसतें सरकलेलें असतें तर सॉफ्टवेअर सांधून घेतें, वळलेलें सांधतां येत नाहीं. जुळून जें आलें त्यांत दोन अंडीं आणि तीन नखें होतीं.

सहावें चित्र मीं वेगळें काढून छापून घेतलें. त्यांत अंडें रेखीव आहे, अंगठा धूसर. अंगठा रेखीव असलेलें चित्र आठवें. त्यांत अंडें दिसत नाहीं. प्रयोगशाळेंत दोन्हीं शेजारीं शेजारीं लावलीं आहेत.